रुग्णालयाचं आवार धूम्रपानबंदीत आलं कसं?

१९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा आला. पण ती कुठे ओढायची नाही, याचा देशभर सरसकट लागू होणारा नियम त्यानंतरही पंचवीसेक वर्षं नव्हता. अखेर मुंबईच्या एका माजी महापौरांची १९९९ सालची जनहित याचिका कामी आली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सभागृहं, रुग्णालयं, वाचनालयं, कोर्टं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. स्वतः न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का सोसावा, हा प्रश्न न्यायालयाने थेट जगण्याच्या हक्काशी जोडला.

मग २००३ चा कायदा आला आणि बंदी १ मे २००४ पासून लागू झाली. घोळ झाला तो याच कायद्यात. सार्वजनिक ठिकाणांच्या यादीत 'रुग्णालयाच्या इमारती' आहेत, पण व्याख्येच्या शेवटी पुस्ती जोडलेली आहे की मोकळी जागा यात धरायची नाही. म्हणजे वॉर्डात ओढली तर गुन्हा, पायऱ्या उतरून झाडाखाली ओढली तर नाही.

हे लिहिणाऱ्यांनी मुंबईतलं सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय बहुधा पाहिलेलं नसावं. इथे अर्धं रुग्णालय आवारातच नांदतं. केसपेपरची रांग ओपीडीच्या दारातून बाहेर येते, गावाहून आलेले नातेवाईक चटई टाकून तिथेच मुक्काम करतात, आणि जुन्या इमारतींच्या उघड्या व्हरांड्यांतून खालचा धूर सरळ खाटांपर्यंत जातो. आग विझवायला टांगलेल्या लाल बादल्यांच्या वाळूत बिडीची थोटकं खोचलेली असत. तिथून चार पावलांवर ऑक्सिजनची सिलिंडरं.

दुरुस्ती झाली २००८ च्या नियमांत, २ ऑक्टोबरपासून. मोकळ्या जागेची सूट लोकांचा वावर असलेल्या ठिकाणांना मिळणार नाही, असं ठरलं. उदाहरणादाखल खुली सभागृहं, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टॉप दिले आणि पुढे 'अशी इतर ठिकाणे'. रुग्णालयाचं आवार बंदीत आलं ते या शेवटच्या तीन शब्दांच्या आधारावर. स्टेडियम आठवलं, रुग्णालय आठवलं नाही! हॉटेलवाले आणि तंबाखू उद्योगातली मंडळी या नियमांविरुद्ध कोर्टात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी सक्तीची झाली, दंड २०० रुपयांपर्यंत, आणि तक्रार येऊनही त्या जागेच्या प्रमुखाने काही केलं नाही तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर.

गेटाबाहेरच्या टपरीची गोष्ट आणखी वेगळी. तंबाखूविक्रीला १०० यार्डांची मनाई आहे ती शैक्षणिक संस्थांभोवती. त्यामुळे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला कॉलेजच्या नावावर संरक्षण मिळतं. उपनगरातल्या साध्या रुग्णालयाला या कलमाचा काहीच उपयोग नाही.

धुराने काय होतं ते नव्याने सांगायला नको. तरी दोन गोष्टी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी ओढणं बंद करायला सांगतात. ओढणाऱ्यांची जखमही उशिरा भरते. आणि 'बिडी साधी असते' हा समज. लाखाच्या आसपास मुंबईकरांच्या पाहणीचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उलटच निघाले: बिडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर धूर हा अर्धाच मामला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले जेमतेम ४ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेणारे चारात एकाहून जास्त. धूम्रपानबंदीचं कलम चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूला लागत नाही. जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्यांसाठी पालिकेचे २००६ चे स्वच्छता उपविधी वेगळे आहेत.

पुढच्या हालचाली भराभर झाल्या. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर देशभर बंदी आली, २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेट-बिडीची विक्री बंद केली. २०२१ च्या सुरुवातीला केंद्राने २००३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात दंड २०० वरून २००० रुपये करायचं सुचवलं होतं. पण बराच काळ तो मसुद्यापुढे सरकला नाही, आणि आवारातल्या वॉचमनच्या हाती पावती राहिली ती २०० चीच.