भाड्याचं जॅकेट कृपया धुऊन आणू नका

हिमालयात डिसेंबरात केदारकंठा, जानेवारीत स्पिती, नाहीतर गोठलेल्या झंस्कार नदीवरचा चादर ट्रेक. नागपुरातून तिकडे जाणारे दरवर्षी वाढतच आहेत. पूर्वी आमच्याकडे जॅकेट, स्लीपिंग बॅग भाड्याने न्यायला कॉलेजची मुलंच यायची, आता मिहानमधले नोकरदार येतात आणि निवृत्त जोडपीही येतात. आनंदच आहे. त्रास एकच: दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून द्यावी, या भल्या विचाराने बरेच जण जॅकेट धुऊन आणतात.

डाऊन जॅकेटमध्ये बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं असतात. ती फुललेली असली की त्यांच्यात हवा अडकून राहते, आणि ऊब त्या हवेमुळेच मिळते. साध्या डिटर्जंटने पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, पिसांचे गोळे होतात. जॅकेट दिसतं कोरं करकरीत, पण घातलं की थंडी वाजते. मग आम्ही ते टेनिसच्या चेंडूंसोबत ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर तासन्‌तास फिरवत बसतो, आणि पुढच्या माणसाचं बुकिंग अडतं.

मे-जूनमध्ये लडाखहून येणारे जॅकेट कूलरसमोर वाळत घालतात. कूलरची हवा दमट. पिसं सुकत तर नाहीतच, वर खसचा वास धरतात. गच्चीवरचं आपलं ऊनही नको, नायलॉन विटतं. सावलीत पंख्याखाली पसरून ठेवा आणि पिशवीत न कोंबता आणा. स्लीपिंग बॅगचंही तसंच. घामाचे, चहाचे, मॅगीचे डाग राहू द्या. धुलाई भाड्यातच धरलेली आहे.

डिपॉझिट लगेच का मिळत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. आतली पिसं ओली आहेत का, ते वरून कळत नाही. एक दिवस टांगून पाहिल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही, ओळखीच्यांनाही नाही. तुम्हाला मिळालेलं जॅकेट फुललेलं होतं, ते याच नियमामुळे.

स्लीपिंग बॅग निवडताना तिच्यावर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’चा आकडा बघा. ‘एक्स्ट्रीम’च्या आकड्यावर माणूस कसाबसा तग धरतो, झोप येत नाही. चादरवर रात्री पारा उणे २० च्याही खाली उतरतो. बॅगच्या आत लाइनर, म्हणजे पातळ कापडी पिशवी, घातला तर ऊब थोडी वाढते, बॅगही मळत नाही. तो मात्र अंगालगतचा म्हणून भाड्याने देत नाही, विकत मिळेल.

दरवर्षी जाणाऱ्यांनी जॅकेट विकतच घेतलेलं परवडतं. नेलेलंच आवडलं तर सांगा, दिलेलं भाडं किमतीतून वजा करू.