रिकाम्या तिजोरीचे प्रजासत्ताक

२१ जून १७८३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील स्टेट हाउसला सुमारे चारशे सैनिकांनी वेढा घातला. ब्रिटिशांना हरवणाऱ्या सैन्यातलेच हे लोक थकलेला पगार मागायला आले होते, आणि शेजारच्या गुत्त्यांतली दारू पोटात गेल्यावर त्यांतल्या काहींनी बंदुका खिडक्यांकडे रोखल्या. सात वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तो याच इमारतीत. तिथे बसणाऱ्या काँग्रेसच्या, म्हणजे तेरा राज्यांच्या मध्यवर्ती प्रतिनिधी सभेच्या, वतीने अलेक्झांडर हॅमिल्टन या तरुण सदस्याने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे बंदोबस्त मागितला, पण राज्याने आपले शिबंदी सैन्य बोलावण्याचे टाळले. अखेर देशाच्या सर्वोच्च सभेला गाशा गुंडाळून प्रिन्स्टन या लहानशा गावी जावे लागले.

या नामुष्कीचे मूळ मार्च १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघराज्याच्या पहिल्या करारनाम्यात होते. त्यानुसार काँग्रेस युद्ध पुकारू शकत होती, कर्ज काढू शकत होती, पण कर मात्र बसवू शकत नव्हती. ती तेरा राज्यांकडे वर्गणी मागे आणि राज्ये जमेल तेवढी, जमेल तेव्हा देत. आयातीवर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळला, कारण करारनाम्यात बदल करायचा तर सर्व राज्यांची संमती लागत असे. काँग्रेसने युद्धकाळात छापलेल्या कागदी चलनाची किंमत तोवर कवडीमोल झाली होती.

मॅसॅच्युसेट्समध्ये याचा भार शेतकऱ्यांवर पडला. युद्धकर्ज फेडण्यासाठी त्या राज्याने जबर कर बसवले आणि नाणी दुर्मीळ असताना ते नाण्यांतच मागितले. जमिनी जप्त होऊ लागल्या, तेव्हा १७८६ मध्ये माजी कॅप्टन डॅनियल शेज आणि त्यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. बंड मोडायला फौज हवी होती, पण राज्याकडे पैसा नव्हता. तो बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून उभा केला. धनिकांच्या वर्गणीवर चालणारे सैन्य पाहून अनेकांना धडकी भरली असेल, तर नवल नाही.

मे १७८७ मध्ये त्याच स्टेट हाउसमध्ये, दारे-खिडक्या बंद करून, नव्या राज्यघटनेची चर्चा सुरू झाली. पंचावन्न प्रतिनिधी येऊन गेले, ऱ्होड आयलंडने एकही पाठवला नाही, आणि १७ सप्टेंबरला एकोणचाळीस जणांनी सही केली. कर बसवण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. प्रतिनिधित्व मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, ही तडजोडही याच कागदावर आहे. दक्षिणेची राज्ये सोबत ठेवण्यासाठी दिलेली ही किंमत ज्यांच्या माथी पडली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

एप्रिल १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी हॅमिल्टन अर्थखात्याचे प्रमुख. राज्यांची युद्धकर्जे केंद्राने आपल्या डोक्यावर घ्यावीत, ही हॅमिल्टन यांची योजना व्हर्जिनियासारख्या, बरेचसे कर्ज फेडून बसलेल्या राज्यांना मुळीच रुचली नाही. त्यातच अनेक सैनिकांनी पगाराऐवजी मिळालेली रोखपत्रे अडचणीपोटी मातीमोल भावाने सटोडियांना विकली होती, आणि पूर्ण रक्कम मात्र आताच्या धारकाला मिळणार होती. मूळ सैनिकांनाही वाटा द्यावा, ही व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांची सूचना फेटाळली गेली. कर्जाचा तिढा जून १७९० मध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर सुटला, असे जेफरसन यांनीच लिहून ठेवले आहे: कर्ज केंद्राकडे, त्या बदल्यात राजधानी दक्षिणेला, पोटोमॅक नदीकाठी.

कर्ज फेडण्यासाठी १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला. डोंगरापलीकडच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात धान्याची दारू गाळून ती विकणे हाच शेतकऱ्याचा व्यवहार असल्याने तिथे वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासून पिसे चिकटवली गेली, आणि १७९४ मध्ये उघड बंड झाले. या वेळी चार राज्यांतून सुमारे तेरा हजारांचे सैन्य गोळा झाले. वॉशिंग्टन बेडफर्डपर्यंत जाऊन परतले. हॅमिल्टन मात्र सैन्याबरोबर पुढे गेले. तोवर बंडखोर पांगले होते. राजद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या दोघांना वॉशिंग्टन यांनी पुढे माफी दिली. कर मात्र १८०२ पर्यंत कायम राहिला.