कॅथरीन जॉन्सन आणि उलटीकडून धरलेलं गणित

नासाची गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन हिचं नाव निघालं की सगळे जण जॉन ग्लेन या अंतराळवीराचीच गोष्ट सांगतात, की उड्डाणाआधी त्याचा कॉम्प्युटरवर पुरता भरवसा नव्हता म्हणून तो म्हणाला, त्या पोरीला आकडे तपासायला सांगा. गोष्ट खरी आहे (ही 'पोरगी' तेव्हा ४३ वर्षांची, तीन मुलींची आई होती, पण असो). मला मात्र तिचं त्याआधीचं, १९६० चं काम जास्त भारी वाटतं.

प्रश्न असा होता की कॅप्सूल, म्हणजे अंतराळवीराचं छोटं यान, समुद्रात नेमकं ठरलेल्या ठिकाणी, जिथे नेव्हीची जहाजं थांबलीयत तिथेच उतरायला हवं. तिने हिशोब उलटीकडून धरला, कुठे उतरवायचंय ते आधी सांगा, सोडताना दिशा कुठली ठेवायची ते मी काढून देते. ऐकायला सोपं, पण यान वर फिरत असताना खाली पृथ्वी काय थांबून राहत नाही ना, दीड तासाच्या एका फेरीत ती साधारण साडेबावीस अंश फिरते, म्हणजे विषुववृत्तावरची जागा तेवढ्यात अडीच हजार किलोमीटर पूर्वेला सरकलेली असते! त्यात पृथ्वी पक्की गोल नाही, मध्ये जरा फुगलेली, त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षासुद्धा हळूहळू वळत जाते. आणि खरी मेख म्हणजे दिशा काढायला प्रवासाला लागणारा वेळ माहीत हवा आणि वेळ काढायला दिशा. मग काय, अंदाजाने एक उत्तर धरायचं, समीकरणात घालायचं, जे येईल ते परत घालायचं, फरक उरेनासा होईपर्यंत हेच चालू.

या कामाच्या रिपोर्टवर टेड स्कोपिन्स्की या सहकाऱ्यासोबत तिचं नाव छापलं गेलं, तिच्या विभागात रिपोर्टवर बाईचं नाव यायची ही पहिलीच वेळ. वेस्ट व्हर्जिनियात तिच्या गावाकडे काळ्या मुलांना आठवीच्या पुढे शाळाच नव्हती, आणि १९५३ मध्ये लँगलीला (पुढे नासाचं झालेलं संशोधन केंद्र) नोकरी लागली तेव्हाही आकडेमोड करणाऱ्या काळ्या बायकांचा सेक्शन वेगळाच होता, डोरोथी वॉनच्या हाताखाली.

१९६२ ला ग्लेनच्या वेळी कक्षेचं गणित आयबीएम ७०९० या कॉम्प्युटरवर झालं. कॅथरीनने तेच आकडे, तीच समीकरणं घेऊन डेस्कवरच्या कॅल्क्युलेटरवर एकेक पायरी स्वतः केली, दीड दिवस लागला, उत्तरं जुळली. २० फेब्रुवारीला ग्लेन तीन फेऱ्या मारून सुखरूप आला, पण ठरल्या जागेच्या ४० मैल अलीकडेच पडला. कारण वाचून मजा वाटली, ब्रेक लावणाऱ्या रॉकेटच्या हिशोबात प्रवासात खर्च झालेल्या सामानाचं वजन वजाच केलं नव्हतं, यान हलकं झालेलं, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याने ते जास्त मंदावलं आणि लवकर खाली आलं. नोआ नावाची विनाशिका जवळच होती, तिने उचललं त्याला.