ब्रोकोलिनी

ब्रोकोली आणि काइलान ही चिनी भाजी यांच्या संकरातून तयार झालेली हिरवी भाजी. बोटाएवढा जाड, १५ ते २० सेंमी. लांबीचा कोवळा दांडा, त्याला एखाददुसरे पान आणि टोकाला सुट्या कळ्यांचा छोटा तुरा असे तिचे रूप असते. दांडा, पान, तुरा असे सगळेच खाल्ले जाते, पण ही मुळात दांड्याची भाजी आहे. ब्रोकोलीची सवय असलेला माणूस तुरे तोडून घेतो आणि दांडे टाकून देतो. ब्रोकोलिनीच्या बाबतीत असे केले, तर मोजलेल्या पैशांतले बहुतेक पैसे केराच्या डब्यात गेले म्हणायचे.

योकोहामा येथील साकाता या १९१३ साली स्थापन झालेल्या बियाणे कंपनीने १९९३ मध्ये हा संकर पुढे आणला. सुरुवातीला त्याचे नाव ‘अस्पाब्रॉक’ होते. चव आणि दांड्याचा लुसलुशीतपणा शतावरीच्या कोंबांची, म्हणजे अ‍ॅस्परॅगसची आठवण करून देतो, म्हणून हे नाव. व्यापारी लागवड मेक्सिकोत सुरू झाली आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅन पॅकिंग या कंपनीने ‘ब्रोकोलिनी’ या नावाने ती अमेरिकेच्या बाजारात उतरवली. हे व्यापारी नाव आहे. त्यामुळे हीच भाजी ब्रिटनमध्ये ‘टेंडरस्टेम’, युरोपात इतरत्र ‘बिमी’ आणि जपानात ‘स्टिक सेन्योर’ म्हणून विकली जाते. परदेशातल्या मराठी घरांत पाककृतींची देवाणघेवाण होताना यावरून गोंधळ उडतो. जिन्नस मात्र एकच.

संकर म्हटल्यावर दोन दूरच्या वनस्पतींची गाठ घातली असावी असे वाटते. इथे तसे नाही. ब्रोकोली, काइलान, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल हे सगळे ब्रासिका ओलेरेशिया या एकाच जातीचे प्रकार आहेत. माणसाने शतकानुशतके कुठे पान, कुठे कळी, कुठे खोड निवडत नेले आणि रूपे वेगळी झाली. गुणसूत्रे सर्वांची १८ च. म्हणून एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडला की बी धरते. इंग्लंडमध्ये २०१० च्या सुमारास बाजारात आलेला केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स यांचा संकरही याच घरातला. जाती ओलांडली की गणित अवघड होते. सोव्हिएत शास्त्रज्ञ गिओर्गी कार्पेचेंको यांनी १९२० च्या दशकात मुळा आणि कोबी यांचा संकर केला. पहिल्या पिढीची झाडे जवळजवळ वांझ निघाली. गुणसूत्रे दुप्पट झालेली थोडी झाडे तेवढी फळली. मुळ्याचा कंद आणि कोबीचा गड्डा एकाच झाडावर मिळेल ही आशा त्या झाडांनीही पुरी केली नाही.

निसर्गात मात्र असे जातीबाहेरचे संकर टिकलेले आहेत, आणि त्यांतला एक आपल्या मिसळणाच्या डब्यात रोज असतो. कोरियन वंशाचे, जपानात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ वू जांगचुन (जपानी लेखनात नागाहारू यू) यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले, की फोडणीची मोहरी, म्हणजे ब्रासिका जुन्सिया, ही काळी मोहरी आणि सलगमाची जात यांच्या संकरातून आलेली आहे. एकीच्या ८ आणि दुसरीच्या १० गुणसूत्र-जोड्या मिळून तिच्या १८ झाल्या.

महाराष्ट्रात संकरित पिकाबद्दलचा संशय जुना आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. उत्पन्न वाढले, पण भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही ही तक्रार घरोघर झाली आणि ती अढी इतर भाज्यांनाही चिकटली. त्यात आता जनुकीय बदल केलेल्या पिकांची चर्चा मिसळली आहे. ब्रोकोलिनीत बाहेरून जनुक घातलेले नाही. ती परागीभवनाने झालेली आहे. कोबीवर्गातले संकरित बी कसे करतात ते पाहिले की हे पटते. यातली बरीच झाडे स्वतःचा पराग ओळखतात आणि त्याला फुलात रुजू देत नाहीत. म्हणून दोन शुद्ध वाण शेजारी-शेजारी लावले, की मधमाश्याच एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात. अडचण येते ती ते मूळ वाण शुद्ध राखताना. त्यासाठी फूल उमलण्याआधी, कळी हिरवी असतानाच ती चिमट्याने उघडून त्याच झाडाचा पराग आत लावतात, कारण त्या वयात स्वतःचा पराग नाकारण्याची यंत्रणा तयार झालेली नसते. हे काम कळीगणिक हाताने करावे लागते. संकरित बी महाग असते त्याचे हेही एक कारण आहे. शेतकऱ्याने ब्रोकोलिनीचे बी धरून पुन्हा पेरले तर उगवते, पण पुढच्या पिढीत कुठे ब्रोकोलीचा कल, कुठे काइलानचा, अशी सरमिसळ निघते.

पीक थंड हवेचेच. ब्रोकोलीपेक्षा उष्णता थोडी अधिक सोसते, कडाक्याची थंडी कमी. रोपवाटिकेत रोपे करून पुनर्लागवड केली, की साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी येते. मधला तुरा रुपयाच्या नाण्याएवढा झाला की तो आधी छाटतात. तो ठेवला तर झाड ब्रोकोलीसारखे एकाच गड्ड्याच्या मागे लागते; छाटला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात, आणि हे फुटवे म्हणजेच विक्रीचा माल. तोडणी पुढे काही आठवडे चालते आणि ती हातानेच करावी लागते. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग हे कोबीचे शत्रू याही पिकावर येतात. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात ब्रोकोली पिकवणाऱ्यांना यात शिकण्यासारखे फार नवे काही नाही. प्रश्न आहे तो रोजच्या तोडणीच्या मजुरीचा आणि गिऱ्हाइकाचा. भारतात ही भाजी अजून मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत आणि हॉटेलांतच दिसते.

घेताना दांड्याचा खालचा काप पाहावा. तो ओलसर, हिरवट आणि भरीव हवा. पांढरा पडून वाळला असेल तर दांडा चिवट निघतो. कळ्या गर्द हिरव्या असाव्यात. एखादे पिवळे फूल उमललेले असले तर बिघडत नाही, तेही खातात. निम्मा तुरा पिवळा असेल तर जुडी परत ठेवावी. ब्रोकोलीचे बाजूचे फुटवे याच नावाने गळ्यात मारले जाऊ शकतात. त्यांचा दांडा आखूड असतो आणि कळ्यांचा तुरा घट्ट. घरी आणल्यावर न धुता, सैल पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-सहा दिवस चांगली राहते.

शिजवण्याचा नियम एकच, कमी शिजवा. उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे पुरतात. जाड दांडे उभे चिरावेत, म्हणजे दांडा आणि तुरा एकदम शिजतात. आपल्याकडे भाजीवर झाकण ठेवून वाफ काढायची सवय आहे. इथे ती नडते. भाजीतून निघणारी आम्ले झाकणाखाली कोंडतात, हिरवा रंग शेवाळी होतो आणि फार शिजलेल्या कोबीला येतो तो उग्र वास सुटतो. लिंबूही याच कारणाने ताटात घेतल्यावरच पिळावे. तेलावर ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची घालून मोठ्या आचेवर परतलेली, वरून भरडसर दाण्याचे कूट पेरलेली ब्रोकोलिनी भाकरीबरोबर उत्तम लागते. पीठ पेरूनही होते, पण बेसन शिजेपर्यंत दांड्याचा करकरीतपणा जातो. रश्श्यात तर ती घालूच नये.

क आणि के जीवनसत्त्व, फोलेट व तंतू यांसाठी ती चांगली आहे. ब्रोकोलीवर्गाची जी विशेष ख्याती आहे ती सल्फोराफेन या गंधकयुक्त संयुगामुळे. ते भाजीत तयार नसते. चिरल्यावर पेशी फुटतात, एक विकर (एन्झाइम) मोकळे होते आणि मग ते बनते. उकळल्यावर हे विकर निकामी होते. मात्र हेच विकर कच्च्या मोहरीतही असते. त्यामुळे किंचित उकडून गार केलेली ब्रोकोलिनी दह्यात घालून वर फेसलेली मोहरी घातली, तर चवीबरोबर ही उणीवही काही अंशी भरून निघते. तेलात तडतडलेल्या मोहरीने ते साधत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाच्या इतर हिरव्या भाज्यांप्रमाणे हिचेही प्रमाण एकदम वाढवू वा कमी करू नये, आणि बदल करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.