बॅटरीबदल, विजेवरील व हायब्रिड मोटारींतील (नागपूर)

केवळ विजेवर किंवा वीज व पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीची मुख्य बॅटरी जीर्ण झाल्यावर ती पूर्ण किंवा अंशतः बदलणे. पारिभाषिक ग्रंथांत ‘घटमाला’, ‘संचायक’ हे शब्द आढळतात. गॅरेजात मात्र बॅटरी, पॅक, मॉड्यूल, सेल एवढ्यावरच भागते आणि या नोंदीतही तेच योजले आहेत (सेल मिळून मॉड्यूल, मॉड्यूल मिळून पॅक). गाडीतली १२ व्होल्टची लहान बॅटरी वेगळी. ती डिस्चार्ज झाली तरी गाडी चालू होत नाही, आणि मग मोठी बॅटरी गेली असा समज होऊन मालकाचा जीव उगाच टांगणीला लागतो.

बॅटरी जीर्ण झाली असे कधी म्हणावे, याबद्दल एकवाक्यता नाही. मूळ क्षमतेच्या ८० टक्के हा आकडा सर्रास सांगितला जातो. एका मतानुसार तो अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड बॅटरी कन्सॉर्शियमच्या १९९६ च्या चाचणी-पुस्तिकेतून आला. क्रायस्लर, फोर्ड व जनरल मोटर्स यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या या संघाने, क्षमता किंवा कमाल शक्ती ठरलेल्या मानाच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरीचे आयुष्य संपले, असे धरले होते. दुसरे मत आणखी मागे जाते. वीज उपकेंद्रांसारख्या ठिकाणी कायम बसवलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची आयईईई-४५० ही संहिता हाच आकडा सांगते. त्यामागे कारणही आहे : त्या बॅटऱ्या ८० टक्क्यांच्या खाली गेल्या की झपाट्याने ढासळतात. हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. मोटारींच्या पुस्तिकेने सवयीचा आकडा उचलला असावा. लिथियम बॅटरीत त्या रेषेवर असे काही घडतेच असे नाही. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकी वाहनचालकांच्या प्रवासाच्या नोंदी तपासून दाखवले, की ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरीही बहुतेकांची रोजची गरज भागवते. अनेक कंपन्या हमीसाठी ७० टक्क्यांची मर्यादा धरतात, तीही व्यवहाराची सोय म्हणून. नागपुरातून हिंगणा एमआयडीसीला रोज ये-जा करणाऱ्याला ६० टक्क्यांची बॅटरी पुरू शकते. एका चार्जमध्ये सुमारे १५० किमीवरचे अमरावती गाठून परतणाऱ्याला ८५ टक्क्यांचीही तोकडी पडेल.

नागपुरात किलोमीटरपेक्षा ऊन मोजावे लागते. सेलच्या ऋण इलेक्ट्रोडवर विद्युत-अपघटनीच्या (सेलमधील इलेक्ट्रोलाइट द्रवाच्या) विघटनातून एक पातळ थर तयार होतो. १९७९ मध्ये इमॅन्युएल पेलेड यांनी त्याचे वर्णन केले. हा थर वाढत जातो तसे वापरण्याजोगे लिथियम त्यात अडकून पडते. गाडी उभी असली तरी ही क्रिया थांबत नाही आणि तापमानाबरोबर तिचा वेग वाढतो. दर १० अंशांना दुप्पट हा ढोबळ ठोकताळा दिला जातो, तो शब्दशः घेऊ नये. सोनेगाव येथील वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. (मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेले ५६ अंश संवेदकातील बिघाडामुळे होते, असे हवामान विभागाने नंतर सांगितले, तो आकडा अजून फिरत असतो.) नवतपात (मेअखेरच्या नऊ अतिउष्ण दिवसांत) पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवलेली गाडी बॅटरीच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्थेत असते. तुलनेसाठी अमेरिकेतील फीनिक्सचा अनुभव उपयोगी पडतो. २०१२ मध्ये तेथील निसान लीफ गाड्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या. त्या पॅकला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. पुढे कंपनीने क्षमतेची हमी दिली आणि उष्णता सोसणारे सेल आणले. द्रवशीतन असलेल्या आजच्या गाड्यांना ही तुलना जशीच्या तशी लागू होत नाही.

भारतात २००१ मध्ये आलेल्या रेवा मोटारीत शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. त्या बदलणे इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्याइतकेच परिचयाचे काम होते. २०१३ च्या महिंद्रा ई-टू-ओमध्ये लिथियम बॅटरी आली. २६ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन नवतपात, नागपुरात ओला व महिंद्रा यांचा विद्युत टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला. २०० वाहनांच्या त्या ताफ्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस गाड्या होत्या. पुढे त्या गाडीचे उत्पादनच थांबले. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-तासांचा लोह-फॉस्फेट (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) पॅक होता आणि त्याची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची होती. वर्षांच्या हिशेबाने तिच्या पहिल्या गाड्या २०२८ मध्ये हमीबाहेर पडतील. हमीत असेपर्यंत पॅक उघडण्याचे काम कंपनीच्या वर्कशॉपकडेच राहते, कारण बाहेर सील तोडले की हमीवर पाणी सोडावे लागते.

हायब्रिडचे गणित निराळे. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड मोटारीच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत निकेल-धातू हायड्राइडची २८ मॉड्यूल एकसर जोडणीत असतात, प्रत्येक ७.२ व्होल्टचे, एकूण २०१.६ व्होल्ट. एखादे मॉड्यूल कमजोर झाले तर तेवढेच बदलण्याचा मोह होतो. स्वस्त पडते, पण नव्या-जुन्यांचे जमत नाही आणि काही महिन्यांत शेजारचे मान टाकते. बदलण्याआधी बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ करणे इष्ट; प्रवासी कक्षातून हवा ओढणाऱ्या या वाटेत धूळ साचली की पॅक तापतो.

लोह-फॉस्फेटबाबत आधी निदान महत्त्वाचे. या सेलचा व्होल्टेज चार्जच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे बीएमएसचा (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचा) अंदाज चुकत जातो आणि रेंज घटल्यासारखी दिसते. पूर्ण १०० टक्के चार्ज केल्यावर अंदाज पुन्हा जुळतो आणि ‘गेलेली’ बॅटरी परत येते. प्रत्यक्ष बदलताना सर्व्हिस प्लग (पॅकचा वीजप्रवाह तोडणारा खटका) काढून, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी साधारण १० मिनिटे थांबून, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच काम करतात. विजेवरील गाडीत पॅक गाडीच्या तळाशी असतो. तो उतरवायला लिफ्ट व टेबल लागते. शीतनद्रव काढून पुन्हा भरावा लागतो. नव्या पॅकची गाडीच्या संगणकाशी ओळख करून दिल्याशिवाय गाडी हलत नाही.

करातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के.

उतरवलेल्या पॅकला बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू होतात. त्यांनी २००१ चे नियम रद्द केले व जबाबदारी उत्पादकावर टाकली. त्यांनुसार टाकाऊ बॅटरीतील पदार्थांच्या परतप्राप्तीचे किमान प्रमाण २०२४-२५ मध्ये ७० टक्के होते, तर २०२६-२७ पासून ते ९० टक्के ठरवले आहे. ई-रिक्षाची शिसे-आम्ल बॅटरी देऊन नवी घेताना दुकानदार जुनीची किंमत लगेच वजा करतो. लोह-फॉस्फेट पॅकमध्ये कोबाल्ट व निकेल नसल्याने भंगार म्हणून त्याला तेवढे मोल नाही. सोलरसोबत साठवणीसाठी त्याचा पुनर्वापर शक्य असतो, मात्र प्रत्येक सेलची क्षमता आधी मोजावी लागते.