सटवीचं लिखित आणि तलावपाळीची लाट

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला: 'आपण ठरवायच्या आधीच मेंदूने ठरवलेलं असतं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. म्हणजे सटवीने कपाळावर लिहिलेलंच खरं!' खाली ठाण्यातल्याच एका ज्योतिषाचा नंबर. ज्या प्रयोगावरून हे म्हणतात, तो माझा कॉलेजपासून लाडका. त्याच्या नावावर कुणी पत्रिका विकलेली मला सहन होत नाही.

प्रयोग अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा, १९८३चा. समोर घड्याळासारखी तबकडी, त्यावर २.५६ सेकंदांत फेरी मारणारा ठिपका. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. इच्छा जाणवली हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी. मेंदूतल्या विद्युत संकेताचा चढ मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू!

पण हा चढ एकेका नोंदीत गोंगाटामुळे दिसत नाही. म्हणून चाळीसेक नोंदी हालचालीच्या क्षणाशी जुळवून सरासरी काढतात. ग्यानबाची मेख इथेच आहे.

संध्याकाळी तलावपाळीला काठाशी उभे राहा. वाऱ्याने, बोटींनी पाणी सारखं खालीवर होत असतं. मध्येच एखादी लाट काठावरचा कोरडा दगड भिजवते. आता फक्त दगड भिजण्याआधीच्या दोन-दोन सेकंदांचे चाळीस व्हिडिओ घ्या, भिजण्याच्या क्षणाशी जुळवा, सरासरी काढा. पाणी जणू ठरवून चढत आलेलं दिसेल! दगडापर्यंत न पोचता जे पाणी मागे फिरलं, ते आपण मोजलंच नाही. शिवाय आताची पातळी मघाच्या पातळीला धरूनच बदलते. हा सहसंबंध नसता, तर सरासरीत चढ न दिसता शेवटी एकच टोक दिसलं असतं.

२०१२मध्ये ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी हेच गणितात मांडलं. मेंदूतली पातळी आपोआप वरखाली होते, गळक्या टाकीसारखी भरते-ओसरते. उंबरठा ओलांडला की मनगट हलतं. त्यांच्या मते निर्णय म्हणजे ते ओलांडणं. आधीचा चढ म्हणजे निर्णय नव्हे.

एवढ्याने इच्छास्वातंत्र्य सिद्ध होत नाही. लाटही भौतिकीच्या नियमांनीच उठते, त्यामुळे मूळ वाद शाबूत आहे. पण २०१६मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी संगणकाला हा चढ ओळखायला शिकवलं आणि तो दिसताच लाल दिवा लावला. पायाने बटण दाबायला निघालेली माणसं हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीपर्यंत थांबू शकली. त्यानंतर मात्र पाय निदान हलू तरी लागायचाच.