सामायिक गूगल शीटमधले सेल लॉक करणे: पात्रता, पूर्वतयारी आणि प्रक्रिया

सोसायटीच्या देखभाल शुल्काची शीट अनेकजण भरत असले की कधीतरी सूत्राच्या जागी कुणाकडून साधा आकडा टाइप होतो. बेरीज चुकते आणि चूक थेट हिशेब तपासणीच्या वेळी लक्षात येते. असे सेल आधीच लॉक करून ठेवता येतात.

कोणाला करता येतं?
शीटच्या मालकाला आणि एडिटरला. ज्यांना फक्त पाहण्याची किंवा कॉमेंट करण्याची परवानगी आहे, त्यांना नाही. मालकाला मात्र कोणताच एडिटर अडवू शकत नाही. त्यामुळे शीट खजिनदाराच्या खासगी खात्यात न बनवता सोसायटीच्या ईमेल खात्यातच बनवावी, हा माझा आग्रह आहे. समिती दर काही वर्षांनी बदलते, हिशेब मात्र सोसायटीचाच राहतो.

आधी काय जमवायचं?
ज्यांना लॉक केलेल्या भागात लिहू द्यायचं आहे त्यांचे गूगल खात्याचे ईमेल पत्ते, आणि कोणता रकाना कोण भरणार याची ठरलेली यादी. ही यादी समितीच्या बैठकीत ठरवावी, नाहीतर पुढे रुसवेफुगवे होतात. शिवाय 'फाइल' मेनूतून शीटची एक प्रत काढून ठेवा.

प्रक्रिया
संगणकावर शीट उघडा. सूत्रांचे सेल निवडून 'डेटा' मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मध्ये जा. 'अ‍ॅड अ शीट ऑर रेंज' दाबून वर्णन लिहा, उदाहरणार्थ 'एकूण थकबाकी'. मग 'सेट परमिशन्स'. इथे दोन वाटा आहेत: बदल करणाऱ्याला फक्त इशारा दाखवायचा, किंवा निवडक लोकांखेरीज सगळ्यांना रोखायचं. इशाऱ्यावर 'ओके' दाबून कोणीही पुढे जाऊ शकतो, म्हणून पैशांच्या हिशेबाला दुसरी वाटच घ्यावी.

बहुतेक शीट लॉक करून थोडेच सेल मोकळे ठेवायचे असतील, तर 'शीट' निवडून 'एक्सेप्ट सर्टन सेल्स'वर खूण करा. मासिक नोंदींना हीच पद्धत सोयीची, कारण नवा रकाना लॉक करायचा राहून जात नाही.

एक्सेलमध्ये क्रम उलटा असतो. तिथे सगळे सेल मुळातच 'लॉक्ड' असतात, पण 'रिव्ह्यू'मधून 'प्रोटेक्ट शीट' केल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. म्हणून भरायचे सेल आधी 'फॉरमॅट सेल्स'मध्ये अनलॉक करा. पासवर्ड दिलात तर जपून ठेवा. विसरलेला पासवर्ड मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही.

याने काय होत नाही?
माहिती लपत नाही. लॉक केलेले सेलही वाचता येतात, कॉपी करता येतात, छापता येतात. सभासदांचे आधार क्रमांक किंवा बँक खात्यांचे तपशील अशा शीटमध्ये ठेवूच नयेत. ते वेगळ्या फाइलमध्ये, मोजक्याच लोकांना दिसतील असे ठेवा.

शेवटी चाचणी घ्या. मालकाला सगळंच बदलता येत असल्यामुळे ती त्याच्या खात्यातून होणार नाही. एखाद्या सभासदाला त्याच्या लॉगिनमधून लॉक केलेल्या सेलमध्ये काहीतरी लिहून पाहायला सांगा.